तळ्याकाठची कुरकुर

डोंगरात कुरकुर करायची नाही, हे आम्हा नॉर्वेच्या लोकांना चालायला येण्याआधी शिकवतात. पाय दुखला तर "हवा काय छान आहे" म्हणायचं. पाऊस लागला तर "बरं झालं, उकडत नाही" म्हणायचं. माझ्या नवऱ्याचा, औदुनचा, एकदा घोटा मुरगळला, तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं होतं की जरा निसर्ग बघायला बसू या का.

अशा लोकांत माझ्या मैत्रिणीने, सुनिव्हाने, डेन्मार्कचा माणूस आणला. डेन्मार्कमध्ये डोंगर नाहीत. ते लोक ज्याला डोंगर म्हणतात त्याला आम्ही उंचवटाही म्हणणार नाही. बाकी आस्गर लाखात एक: दाढीवाला, बोलका, न सांगता भांडी घासणारा. पुढच्या महिन्यात तो सुनिव्हाच्या घरी राहायला येणार होता, पण तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला, एल्ड्रिडला, तो आपला वाटला तरच. आणि तिथेच घोडं अडलं होतं.

"त्रास देते का गं ती त्याला?" गाडीतून उतरताना मी सुनिव्हाला हळूच विचारलं.

"त्रास दिला असता तर बरं होतं. अगं, ती त्याच्याशी इतकी चांगली वागते की मला रडू येतं. थँक यू आस्गर. नको आस्गर. पोट भरलं आस्गर. अशी ती फक्त दातांच्या डॉक्टरांशी बोलते. आजही हेच चाललं तर मी त्याला सांगणार आहे, तुझी भाड्याची खोली सोडू नकोस म्हणून."

म्हणून ही सहल. सप्टेंबरातला रविवार, वरचं तळं, ते तिघं आणि आम्ही नवराबायको आमच्या जुळ्या पोरांसकट. डोंगरात माणसं एकमेकांच्या जवळ येतात असं आमचं मत आहे. तसं सगळ्याच दुखण्यांवर आमच्याकडे हाच उपाय आहे.

औदुन पुढे होता. नकाशा त्याने घेतला नव्हता, कारण लहानपणापासून येतोय म्हणे. आमची पोरं ब्लूबेरी खाऊन तोंडं जांभळी करत होती. पहिल्याच चढावर आस्गर मटकन खाली बसला.

"मेलो," तो म्हणाला.

आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. कुणी चारचौघांत विजार सोडावी तसं झालं.

"हवा काय छान आहे," औदुन म्हणाला.

"हवा छान आहे रे, पण मी मेलो. अजून किती आहे?"

"हे काय, आलंच."

हे 'आलंच' जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. मधेच धुकं उतरलं आणि दगडांवर वाट दाखवणाऱ्या लाल खुणा दिसेनाशा झाल्या. मला ते कळलं. सुनिव्हालाही कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी शेवाळ किती मऊ आहे यावर बोललो. औदुनला तर केव्हाच कळलं होतं, कारण तो शिट्टी वाजवायला लागला होता. वाट चुकल्याशिवाय हा माणूस शिट्टी वाजवत नाही. पण वाट चुकली म्हणणं म्हणजे कुरकुर झाली. ती कोण करणार?

"आपण चुकलोय का?" आस्गरने विचारलं.

"छे!" आम्ही तिघं एका सुरात म्हणालो.

दलदल पार केल्यावर त्याने बूट काढला आणि पाय मांडीवर घेऊन बसला. "आई गं! टाचेची पार वाट लागली!"

एल्ड्रिड त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सकाळपासून ती सगळ्यांच्या मागून मुकाट चालत होती आणि आम्ही येताजाता तिचं कौतुक करत होतो.

"खूप दुखतंय?" तिने विचारलं.

"भयंकर."

"मग ओरडतोस कशाला? ओरडून थांबतं?"

"थांबत नाही. पण कुणाला तरी कळतं."

तिने जरा विचार केला. "थँक यू, आस्गर," ती म्हणाली आणि पुढे गेली. सुनिव्हाचा चेहरा एवढासा झाला.

शेवटी एकदाचं पाणी लागलं. "आलं!" औदुन ओरडला. त्याच्या आवाजात आमच्यापेक्षा जास्त आश्चर्य होतं.

"बाबा, इथलं दगडी खोपटं कुठे गेलं?" एका पोराने विचारलं.

"पडलं असेल मागच्या हिवाळ्यात. वाऱ्याने."

त्या खोपटाच्या भिंती हातभर जाड होत्या. पण संसारात नवऱ्याची बाजू घ्यावी लागते. "वारा फारच होता हो मागच्या वर्षी," मी म्हणाले.

मग तपकिरी चीज घातलेले पाव निघाले, कॉफी निघाली. तळ्यावर आलं की एकाने तरी पाण्यात उतरायचंच, ही आमची रीत. औदुनने सगळे कपडे काढले आणि उडी मारली. "गरम आहे पाणी!" तो निळ्या ओठांनी म्हणाला.

तेवढ्यात धुकं उठलं. समोरच्या काठावर सिमेंटची भिंत होती. भिंतीवर ही मोठी पाटी: गावचं पिण्याचं पाणी, पोहण्यास सक्त मनाई. भिंतीपलीकडे खाली आमची गाडी उभी होती, नंबर वाचता येईल इतकी जवळ. सकाळपासून आम्ही एकाच टेकाडाला प्रदक्षिणा घालत होतो. भिंतीवरून एक आजीबाई कुत्रा फिरवत होत्या. डोंगरात अनोळखी माणसालाही नमस्कार करायचा असतो, म्हणून त्यांनी औदुनला हात केला. त्यानेही केला, एकच, कारण दुसरा कामात होता.

आम्ही तेवढ्यातूनही निभावून नेलं असतं. "बरं झालं," सुनिव्हाने सुरुवातही केली, "गाडी जवळच..."

"हे आपलं तळंच नाही!"

एल्ड्रिड उभी होती, लालबुंद. हातातला पाव तिने गवतात भिरकावला. आईकडे नाही, औदुनकडे नाही, ती सरळ आस्गरकडे गेली.

"माझी टाच सकाळपासून दुखतेय! मोजे ओले झालेत! मला थंडी वाजतेय! हे चीज मला कधीच आवडलेलं नाही! आणि तू नुसता आपलाच पाय बघत बसलास, माझा नाही बघितलास!"

आमच्या पोरांचे घास तोंडातच राहिले. असली भाषा त्यांनी डोंगरात कधी ऐकली नव्हती. मी तिला गप्प करायला उठले, तर सुनिव्हाने माझं मनगट कचकन धरलं.

"बस खाली. बोलू दे तिला."

"अगं, पण चारचौघांत..."

"गुनव्होर, माझ्याशीसुद्धा ती असं कधी बोललेली नाही."

मला इतका वेळ त्या माणसाची लाज वाटत होती, आता त्याचा चक्क हेवा वाटला.

आस्गर गुडघ्यावर बसला आणि त्याने तिचा बूट काढला. टाच रक्ताने माखली होती. "बाप रे! हे तर माझ्यापेक्षा वाईट आहे," तो म्हणाला. "चुकलंच माझं. आधी बघायला हवं होतं." त्याने पट्टी लावली, पिशवीतले आपले कोरडे मोजे तिला चढवले आणि तिला खांद्यावर घेऊन लंगडत निघाला.

उतरताना सगळा वेळ तिचं तोंड चालू होतं. "तुझं हाड टोचतंय. हळू चाल. इतकं हळू नाही! गाऊ नकोस, तुला येत नाही." आस्गर प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होता. औदुन ओल्या केसांनी सगळ्यांच्या मागून येत होता.

गाडीपाशी पोचत आलो तेव्हा खांद्यावरून पुन्हा आवाज आला, "आणि राहायला आलास ना, तर सकाळी बाथरूममध्ये तासभर बसायचं नाही. मला शाळेला उशीर होतो."

राहायला येण्याचं तिच्याशी अजून कुणीच बोललं नव्हतं. सुनिव्हाला हुंदका फुटला, आणि मलाही. आस्गर जागीच थांबला.

"मग किती वेळ चालेल?" त्याने विचारलं.

"दात घासण्यापुरता," ती म्हणाली, आणि केस धरून त्याला गाडीकडे वळवलं.