दहापैकी आठ

बाजूला बसायचं आणि कारण विचारायचं नाही. माझ्यासमोरच्या टेबलावर चढणाऱ्या कितीतरी बायका हा नियम लहानपणापासून सोबत घेऊन येतात. मी कॉल्पोस्कोप बोलतेय. गर्भाशयाचं तोंड मोठं करून दाखवणारी, दिव्याची दुर्बीण.

कारखान्यातून नागपूरच्या या दवाखान्यात आले, तेव्हा मला वापरता येणारं इथे कुणीच नव्हतं. मला कोपऱ्यात झाकून ठेवलं. दसऱ्याला मात्र न चुकता झेंडूचा हार आणि कुंकू. माणसांना पूजा करणं सोपं जातं, उघडून बघणं जड. मग डॉक्टर रितिका आल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या भिंगावरचं कुंकू पुसलं.

मी अंगाला हात लावत नाही, हातभर दूर उभी राहते. डॉक्टर आत व्हिनेगरसारखं औषध लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. तो किती पांढरा, कडा कशा, रक्तवाहिन्या कशा, डाग केवढा, आणि आयोडीन लावल्यावर निरोगी भागासारखा तपकिरी होतो की पिवळाच राहतो, या प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बेरीज मोठी, तर कॅन्सरच्या आदल्या पायरीची शंका मोठी. त्या पायरीवर सापडलं तर बाई वाचते.

कुहीच्या एकीची बेरीज सात झाली होती. धानाची रोवणी झाली की येते, म्हणाली. चौथ्या रोवणीनंतर आली. तेव्हा गुण मोजायची गरजच उरली नव्हती.

आज सावनेरच्या चारुशीला आल्या. सोबत सासू शोभाताई, सासरे देवराव आणि यंदाच कॉलेज संपवलेली मुलगी मयुरा. पाळी नसतानाही रक्त जातं, म्हणाल्या.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर शोभाताईंनी दिलं. "वर्ष होऊन राह्यलं. महिन्यातून दोनदा बाजूले बसते. आमच्या घरी सोवळं कडक आहे."

म्हणजे साऱ्या घराला ठाऊक होतं. घराने आजार पाहिला, त्याला विटाळ म्हटलं आणि वेगळं ताट वाढलं.

देवराव पडद्यापलीकडे बसले. माझा दिवा लागला. पांढरा डाग दाट होता, कडा उठलेल्या. आयोडीन लावलं तरी पिवळाच राहिला. बेरीज आठ.

"लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू, आजच," डॉक्टर म्हणाल्या. "नंतर काही दिवस थोडं रक्त जाईल."

"मग आज नको," शोभाताई म्हणाल्या. "परवा महालक्ष्म्या बसतात. हिले विटाळ लागला तर पुरणाचा स्वयंपाक कोण करन?"

चारुशीलांनी निमूटपणे पाय खाली घ्यायला सुरुवात केली. मी हे पाय ओळखते. एकदा खाली उतरले की सहसा परत चढत नाहीत.

"काहून नको, आजी?" मयुराने विचारलं.

"विटाळात नैवेद्य चालत नाही. हे विचारायचं नसते."

"मोठ्यायच्या मधात बोलू नको वं," पडद्यापलीकडून देवराव.

"चालते," मयुरा म्हणाली. "मागच्या वर्षी पुरण मीच वाटलं. माझा दुसरा दिवस होता. कोणाले सांगितलं नाही. तुम्ही दोनदा मागून घेतलं, आजी. आजोबा म्हणाले, यंदा पुरण झकास झालं."

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली.

"यंदा मी बाजूले बसणार नाही, आईलेही बसू देणार नाही. महालक्ष्म्या रागावल्या तर माझ्यावर रागावतील." मग ती टेबलाजवळ गेली. "आई, अंग तुझं आहे. तू सांग. आज करायचं?"

चारुशीलांनी सासूकडे पाहिलं नाही. त्यांनी पाय पुन्हा वर घेतले.

"करा, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझा दिवा पुन्हा लावला आणि तुकडा काढायचा चिमटा हातात घेतला.