चाळणीने अडवलेल्या तारा

मित्रांनो, भिंतीला टेकलेली, एका कोपऱ्यात गंजलेली ती मीच, वाळूची जुनी चाळण. मिस्त्रींनी मला स्वतःच्या हाताने बनवलं. चार फळ्या, जाळी आणि पंचवीस खिळे, त्यातले तीन वाकडे. "हिच्यातून गेलेली वाळू डोळ्यात गेली तरी खुपणार नाही," असं ते सगळ्यांना सांगायचे. मी फुगून जायचे. तेच नडलं.

मिस्त्रींची मुलगी इंजिनीअर होऊन आमच्याच साइटवर आली. तिला काँक्रीटमध्ये कोळशाची बारीक राख आणि बोटाच्या पेराएवढ्या पोलादी तारा घालायच्या होत्या. राखेने ताकद वाढते, पण असं तगडं काँक्रीट काचेसारखं एकदम फुटतं. तारा असल्या की तडा गेला तरी धरून ठेवतात.

साइटचे साहेब म्हणाले, "एक बीम करून दाखवा. जमलं तर पुलाचं काम तुमचं. नाहीतर गेटवर गाड्या मोजा."

तिने राख आणि तारा वाळूत नीट पसरून कालवल्या. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं म्हणून ती ऑफिसात गेली.

मिस्त्रींनी वाळू पाहिली आणि कपाळावर हात मारला. "पोरीचं पहिलं काम, आणि वाळूत हे भंगार!"

मला उचललं आणि इतक्या मायेने चाळलं म्हणून सांगू! राख खाली गेली, तारा मी अडवल्या. एकही सोडली नाही. तारा गेल्या ऑफिसशेजारच्या खड्ड्यात, बाकीचं सिमेंट-खडीत कालवून साच्यात.

मुलगी धावत आली. "अहो बाबा, भरलंत पण? सगळं घातलंत ना?"

"कण वाया घालवला नाही गं!"

अठ्ठावीस दिवसांनी बीमवर वजन चढवलं. भलतंच पेललं त्याने. साहेब कौतुकाने वाकून बघायला गेले आणि धाड! बीमचे दोन तुकडे, साहेब वाळूच्या ढिगात, हेल्मेट पाण्याच्या हौदात.

"मॅडम, बिस्कीट भाजलंत काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

ती तुटलेली बाजू बघत होती. "बाबा, तारा कुठायत?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. "साहेब, चूक माझी. मीच चाळून टाकल्या."

साहेबांनी शर्ट झटकला. "बाप आहात. बाजू घेणारच."

खड्डा दाखवावा, तर त्यावर एव्हाना ऑफिसच्या नव्या खोलीची फरशी झाली होती.

मुलगी आता गेटवर असते. मिस्त्री मागच्या कुंपणातून वाकून आत येतात. मला हात लावत नाहीत.

मित्रांनो, काहीही फेकण्याआधी ते कुणी, कशासाठी ठेवलंय एवढं विचारा. मला हजार भोकं आहेत, पण तोंड एकही नाही. तुम्हाला आहे.