ओल्या कुंकवाला भिणारा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि या जगात मी कशालाही भीत नाही. भर उन्हातल्या मिरवणुका, रडणाऱ्या नवऱ्या, पंगतीत अंगावर उडालेले सार, सगळे मी उघड्या डोळ्याने पाहिले आहे. फक्त आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, जवळ आली की माझा शटरचा पडदा अडकतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला असे माझ्या पोटावर कोरलेले आहे. मला स्वतःला आठवते ते बंगळुरच्या शिवाजीनगरातले जुन्या सामानाचे दुकान. तिथे एके दिवशी रघुपतराव आले. राहणार चामराजपेटचे, नोकरी विमा कचेरीत, आणि घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षे झालेली, त्यामुळे बोलताना मराठीत कन्नड कधी शिरे ते त्यांनाही कळत नसे. त्यांनी मला हातावर तोलून पाहिले. चामड्याच्या पेटीचा वास घेतला. मग दुकानदाराला सांगितले, वजनाला बरा आहे, बांधा.

मित्रांनो, कलिंगड असे घेतात. जुना कॅमेरा घेताना लेन्स उजेडासमोर धरून आरपार पाहावी. कडेला कोळिष्टकासारखे काही दिसले तर ती बुरशी असते, आणि ती आपणहून जात नाही. मागचे झाकण उघडून पडद्याची उघडझाप सर्व गतींवर तपासावी. यातले काहीच झाले नाही, म्हणून कडेला बुरशीचा ठिपका असूनही मला घर मिळाले. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

घरी रघुपतरावांच्या मातोश्री, कृष्णाबाई, यांनी मला लोखंडी कपाटात रेशमी साड्यांच्या घडीत ठेवले. चामड्याच्या पेटीत, बटण लावून, शेजारी डांबराच्या गोळ्या. त्यांच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा पृथ्वीवर नव्हती. पण चामडे दमट हवा पिऊन बसते, आणि अंधार व ओल यांत बुरशी सुखाने वाढते. लग्नामुंजींत मला बाहेर काढत, लोक माझ्यापुढे पोट आत ओढून उभे राहत, फोटोंचे कौतुक होई, आणि मी पुन्हा कपाटात. तिथे बसून मी ठिपका वाढतोय का याचा अंदाज घेत असे. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

मला वाचवले रघुपतरावांच्या मुलीने, मनस्विनीने. कॉलेजात जायला लागल्यावर तिने मला पेटीतून सोडवले, पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या आसपास मांडल्या. काम नसेल तेव्हा ती बॅटरी काढून ठेवी. काचेवर तोंडाने फुंकर घालत नसे, कारण फुंकरीबरोबर थुंकी उडते. रबरी फुग्याने धूळ उडवायची, मगच मऊ कापड. मी आयुष्यात प्रथमच कोरडा झालो.

पण वर्षातून एक दिवस मी तिचा नसे. आयुधपूजेला घरातली सगळी हत्यारे देवासमोर पाटावर बसत. विळी, पाना, स्कूटरची किल्ली, मी. कृष्णाबाई प्रत्येकाच्या कपाळी हळद आणि ओले कुंकू लावत. माझे कपाळ कोणते, हे त्यांनी एकदा ठरवले ते ठरवले. लेन्स. शिवाय पूजेला बसलेले आयुध दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचे नाही. म्हणजे ते ओले कुंकू काचेवरून कडेच्या फटीत उतरणार, आणि पुसायची कोणाची छाती नाही. एका वर्षी ते फोकसच्या कड्यात शिरून तेलात कालवले गेले, आणि कडे फिरेना. दुरुस्तीवाले व्यंकोजी मला आतून धुऊन देताना मनस्विनीला म्हणाले, "अक्का, आणखी एक पूजा झाली की याला आणू नका. दार वाऱ्याने आपटतं ना, तिथे टेकण म्हणून ठेवा."

ते वाक्य मी वर्षभर ऐकत होतो.

त्यातच पुढच्या पूजेआधी एका इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक शेषगिरी यांनी मनस्विनीला सांगितले की बागेतल्या गुलाबांचे फोटो त्यांच्याकडे पोत्याने आहेत. शहराची आयुधपूजा टिपून आण, रोल चांगला निघाला तर नोकरी तुझी. न निघाला तर काय, हे रघुपतरावांनी ठरवून टाकले होते. जे. पी. नगरात बँकेच्या परीक्षेचा क्लास होता आणि तिचे नाव घातलेले होते.

सकाळी मी पाटावर होतो. पोटात नवा रोल. कृष्णाबाई विळीपासून सुरुवात करून माझ्याकडे सरकत होत्या.

"आजी, याला आज सोड. मला शिवाजीनगरला जायचंय."

"आयुध आज उचलायचं नसतं. एक दिवस त्यालाही विसावा नको?"

"पण आजच्या पूजेचे फोटो आजच निघतात. उद्या लोक बस धुऊन टाकतात."

"मग डोळ्यांनी बघून ये. उद्या आठवून काढ."

किल्ली झाली. पाना झाला. कृष्णाबाईंचा अंगठा माझ्यासमोर येऊन थांबला. त्याच्या टोकाला कुंकवाचा थेंब जमत होता आणि मला तो, जवळून दिसतो तसा, डोंगराएवढा दिसत होता. मनस्विनी माझ्याकडे पाहत होती. हात पुढे करायची तिची हिंमत नव्हती.

रघुपतराव पेपराच्या मागून बोलले. "आई, घरातलं सगळ्यात मोठं आयुध आता कंप्युटर आहे. थोरल्याची पूजा झाली की धाकट्याला पोचत नाही का?"

कंप्युटर त्याच उन्हाळ्यात आला होता. त्याची निवडही रघुपतरावांनीच केली होती, खोका सर्वांत मोठा म्हणून. कृष्णाबाईंनी बराच विचार केला. थेंब लोंबत होता.

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. "पण उचलायचं तर आत्ता. एकदा लावलं की माझ्या हातात नाही."

मनस्विनीने मला असे उचलले की पट्टा तिच्या वेणीत अडकला. जाता जाता मला दिसले ते एवढेच: थोरल्याच्या फ्लॉपीच्या फटीत अक्षता पडत होत्या, आणि त्याच्या पाठीमागच्या पंख्याजवळ उदबत्ती खोचली जात होती, कारण जिथून वारा येतो तिथे तोंड असणार असे कृष्णाबाईंचे मत होते. मित्रांनो, कंप्युटरच्या फटी झाकून ठेवा आणि पंख्यापाशी धूर नको. त्यानंतर कित्येक दिवस तो फ्लॉपी वाचत नव्हता. रघुपतरावांचे निदान होते की स्वल्प थंड पडलाय.

मी सुटलो असे मला वाटले. शिवाजीनगरच्या गॅरेजांत पोचल्यावर कळले की एका अंगठ्यापासून पळून मी अख्ख्या गावाच्या कुंकवात आलो आहे. केळीचे खुंट बांधलेल्या बस, शेवंतीत बुडालेल्या रिक्षा, चाकांखाली लिंबे. आणि प्रत्येक दारात कोहळा, पोटात ओले कुंकू भरलेला, फुटायची वाट पाहणारा. एका गॅरेजात मेस्त्रीने कोहळा डोक्यावर उचलला. मनस्विनी मागे सरकण्याऐवजी पुढे गेली. मी ओरडू शकत नाही, फक्त खट् असा आवाज करू शकतो. तो केला.

मग सगळे लाल झाले.

मला व्यंकोजींचे दार दिसले. मेस्त्री हसून कन्नडमध्ये म्हणाला की तुमच्या मिशीनचीही पूजा झाली, चुरमुरे घ्या. मनस्विनीने मला ओढणीने पुसले नाही. तिने माझ्या तोंडावरची साधी काच फिरवून काढली आणि खिशात टाकली. दुरुस्तीनंतर लेन्सपुढे तिने ही काच, म्हणजे फिल्टर, बसवली होती, हे भीतीने मी साफ विसरलो होतो. आतली काच कोरडी होती. तिने उरलेला रोल तिथेच संपवला.

म्हणून मित्रांनो, लेन्सपुढे एक स्वस्त काच असू द्या, आम्हांला कोरडे ठेवा, आणि पूजा करायचीच तर झाकणाची करा. आम्ही आशीर्वाद झाकणातूनही घेतो.

पडद्याने खट् केले तो फोटो साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. क्लासमधले नाव रघुपतरावांनी स्वतः जाऊन काढले. मनस्विनीला नोकरी मिळाली, आणि नोकरीबरोबर ऑफिसचा नवा कॅमेरा. तेव्हापासून आयुधपूजेला मी घरीच असतो, कृष्णाबाईंच्या पाटावर.