झाकणाच्या आतला मजकूर

आमच्या घरामागे एक हीट पंप आहे. घर उबदार ठेवणं हे त्याचं काम. गेले दोन हिवाळे तो नुसता खोकतो, आणि आतून सासूबाई त्याला साथ देतात. डॉक्टरांनी मला बजावलंय, "यांची खोली गरम राहिली नाही, तर पुढची भेट हॉस्पिटलात."

पण नवीन पंपाचं नाव काढलं की सासूबाई दोन स्वेटरांच्या आतून म्हणायच्या, "यांच्या पसंतीचा आहे. दुरुस्त करा."

'हे' म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ते होते तोवर त्यांनी पंपाला कुणाला हात लावू दिला नाही. दर वर्षी थंडीच्या तोंडावर स्क्रूड्रायव्हर घेऊन एकटेच मागे जायचे आणि अर्ध्या तासाने येऊन जाहीर करायचे, "ठणठणीत आहे! पन्नास वर्षं बघायला नको." त्यांच्यानंतर ते खातं माझ्या नवऱ्याकडे आलं. तो पंपाला लाथ मारतो. पंपही लाजेकाजेस्तव दहा मिनिटं चालतो.

शेवटी मीच मेकॅनिकला बोलावलं. सासूबाई शाल गुंडाळून पहारा द्यायला बाहेर आल्या, मागोमाग नवराही. मेकॅनिकने झाकण काढून आत बराच वेळ बघितलं.

"कॉम्प्रेसर गेलाय. आता दुरुस्तीत अर्थ नाही."

"तुम्हाला नवीन विकायचाय!" सासूबाई फणकारल्या.

"मी एकटाच म्हणत नाही, आजी. इथं लिहिलंय बघा." त्याने झाकण उलटं करून धरलं.

आतल्या बाजूला सासऱ्यांचं टपोरं अक्षर होतं. प्रत्येक वर्षाची एक ओळ.

"फार आवाज करतो. पुढच्या वर्षी नवीन घ्यावा."

"गॅस कमी. पुढच्या वर्षी नक्की."

"हिला थंडी वाजते. पण एवढं कौतुक करून बसलोय, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

अशा अकरा ओळी. शेवटची होती, "पुढच्या वर्षी अगदी नक्की."

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने बुटांकडे. सासूबाईंनी चष्मा पुसून सगळं दोनदा वाचलं. आता या कोसळणार, म्हणून मी त्यांचा हात धरला.

"अकरा वर्षं!" त्या कडाडल्या. "यांचं मन मोडायला नको म्हणून मी मेली अकरा वर्षं गारठत बसले! आणि हे इथं चोरून..." पुढे त्यांना खोकला आला की हसू, कळेना. डोळे मात्र भरले होते. माझेही भरले.

"नवीन कधी बसेल?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

त्यांनी मेकॅनिकच्या खिशातला मार्कर ओढून घेतला, झाकण माझ्या हातात धरायला दिलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "घेतला. एकदा बोलायचं तरी होतंत."