अकरा रुपये बाकी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे चैनलाल रहांगडाले, हिशोबाचे पक्के म्हणून अख्ख्या गावात मशहूर आहेत. त्यांना कोणी फसवू शकत नाही. ते स्वतःच फसतात, आणि तेही कोहमाऱ्याहून बस पकडून, तिकीट काढून, थेट गोंदियाला जाऊन. त्यात माझाही थोडा हात होता, पण ते पुढे सांगते. आधी त्यांचं सांगू द्या.

मागच्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, छातीत दुखलं. नागपूरला नेलं, स्टेंट टाकला, आणि पंधराव्या दिवशी बाई घरी येऊन सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसल्या. त्या ठीक झाल्या. ठीक झाले नाहीत ते मामाजी. ज्या माणसानं चाळीस वर्षांत बायकोला पाण्याचा गिलास दिला नाही, तो तिच्या मागं मागं गोळ्यांची डबी घेऊन फिरायला लागला. दुपारी आत्याबाई झोपल्या की हे दारात उभे राहून त्यांचं पोट वरखाली होते की नाही ते पाहत बसत. एकदा आत्याबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "बाजूले व्हा, वारा येऊ द्या." मला हसू आलं, पण मामाजींचा चेहरा पाहिला आणि मी चूप बसली. माणूस भ्यायला होता. आत्याबाई आपल्याआधी जातील, एवढंच त्यांच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

डॉक्टरनं ताजी भाजी आणि फळं खायला सांगितली होती. मामाजींनी त्याचा अर्थ काढला फ्रिज. दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही तिघं गोंदियाला नवरंग होम मार्टमध्ये गेलो. मोठं दुकान, खाली कपडे, वर फ्रिज-कूलर. काउंटरवर रुची नावाची पोरगी होती, गोड बोलणारी. तिनं सांगितलं की दुकानाचं कार्ड काढलं तर दहा टक्के सूट, आणि पैसे पन्नास दिवस बिनव्याजी.

"पन्नासच?" मामाजी म्हणाले. "आमचा केशोराव तर धान निघतपर्यंत थांबते. तोंडातून सबूद काढत नाही."

केशोराव म्हणजे कोहमाऱ्याचा किराणावाला. आमच्या घरचं खातं त्याच्या बापाच्या काळापासून त्याच्याकडं आहे. वही, लाल पुठ्ठा, आणि आत मामाजींचं नाव.

इथं माझा हात येतो. मीच म्हटलं, "मामाजी, घेऊन टाका. केशोरावची वही तशीच ही वही. फक्त प्लास्टिकची आहे." मी बी.ए. आहे, घरी ब्लाउज शिवते, मोबाइलवरून वीजबिल भरते. मला वाटत होतं की मला सगळं समजते. मामाजींना वाटत होतं की मला सगळं समजते. ही दोन्ही मतं एकाच दिवशी एका ठिकाणी जमा झाली की नुकसान होतेच.

कार्ड मामाजींच्या नावानं निघायला हवं होतं. पण मशीनवर त्यांचा अंगठा उठेना. पन्नास वर्षं रोवणी-कापणी केलेला अंगठा, त्याच्यावर रेघ शिल्लक असेल तर उठणार. रुचीनं दहादा पुसून पाहिला, शेवटी म्हणाली, "काकीजी का ट्राय करें?" आत्याबाईंचा अंगठा पहिल्या झटक्यात उठला. दोन एकर त्यांच्या नावानं होतीच, बँकेचं खातंही होतं. फ्रिज त्याच दिवशी मिळाला. आठ दिवसांत घरी कार्ड आलं, त्यावर इंग्रजीत त्यांचं नाव. आत्याबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि देवाच्या फोटोमागं ठेवून दिलं.

पुढच्या महिन्यात बिल आलं, एकवीस हजार नऊशे एकसष्ट. हलक्या धानाचे, म्हणजे लवकर निघणाऱ्या भाताचे, पैसे हातात होते. मामाजी एकटेच बसनं गेले, काउंटरवर पैसे भरले आणि संध्याकाळी परत आले. मी विचारलं, "झालं?"

"देऊन आलो," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले. मी खूश. फ्रिज खूश. आत्याबाईंनी फ्रिजमध्ये मिरच्या, दही आणि उरलेलं वरण ठेवलं. फळं त्यात कधी गेली नाहीत.

मग चैत्रात फोन सुरू झाले. नंबर आत्याबाईंचा दिलेला. त्यांच्या फोनवर चार महिने इंग्रजी मेसेज येत होते, पण आत्याबाई फोन फक्त आमगावच्या बहिणीशी बोलायला वापरतात. बाकी फोन त्यांच्या लेखी सरकारचा.

"फुलवंता रहांगडाले जी बोल रही हैं?"

"हाव, बोलून राहिलो."

"मैडम, आपका तीन हजार आठ सौ सैंतालीस रुपया बकाया है. कब भरेंगी?"

"कोणाचे?"

"आपका, मैडम."

"मी काही घेतलो नाही बापा. दुसऱ्या कोण्या फुलवंताले पाहा," म्हणून आत्याबाईंनी फोन ठेवला आणि भाकरी उलटवली. त्यांच्यासाठी विषय संपला.

मामाजींसाठी सुरू झाला. ते तिथंच बसले होते. दुसऱ्या दिवशी फोन आत्याबाईंच्या उशाशी नव्हता, मामाजींच्या बंडीच्या खिशात होता. घंटी वाजली की ते गोठ्यात जात. तिसऱ्या दिवशी मी शेण काढायला गेली तर बैलाआड उभे राहून हलक्या आवाजात बोलत होते, "भाऊ, जे बोलायचं ते मले बोल. तिले नको सांगू. तिचं काळीज नाजूक आहे." समोरचा काय समजला देव जाणे. बैलही कान टवकारून ऐकत होता.

माझं डोकं फिरलं. मी फोन हातातून घेतला, मेसेज उघडले, आणि त्याच दिवशी मामाजींना घेऊन गोंदियाची बस पकडली. आत्याबाईंना सांगितलं, शिलाईचा धागा आणायला चाललो. रस्ताभर मी बोलत होती. बिल भरलं होतं की नव्हतं? पावती कुठं आहे? पैसे कोणाच्या हातात दिले? मामाजी खिडकीतून वाटेतलं गोरेगाव पाहत होते. गोरेगाव मागं पडलं तरी ते तिकडंच पाहत होते.

काउंटरवर तीच रुची. तिनं नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली.

"काकाजींनी एकवीस हजार नऊशे पन्नास भरले. टाइमवर भरले. पण पूरे नाही भरले ना. अकरा रुपये कमी."

"अकरा रुपये?" मी म्हटलं. "अकरा रुपयांचे तीन हजार आठशे?"

मग तिनं बोट ठेवून समजावलं. एक रुपया जरी कमी पडला तरी बिनव्याजी पन्नास दिवस गेले. मग फ्रिज घेतला त्या दिवसापासून पुऱ्या रकमेवर व्याज. ते व्याज भरलं नाही म्हणून दंड. दर महिन्याला दंड. वर कार्डाची वर्षाची फी. आणि ह्या सगळ्यावर टॅक्स. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, कार्ड काढलं त्या दिवशी आम्हाला दिलेल्या कागदावर. तो कागद मीच घडी घालून पर्समध्ये ठेवला होता आणि नंतर त्याच्यावर ब्लाउजचं माप उतरवलं होतं.

"मला तर वाटलं काकाजींकडं सुट्टे नसतील," रुची म्हणाली. "मी म्हटलंही, काकाजी, अकरा रुपये राहिले. तर म्हणे, राहू दे बेटी."

मी मामाजींकडं वळली. दुकानात माणसं होती, पण माझा आवाज कमी झाला नाही. "काऊन ठेवले अकरा रुपये? खिशात नव्हते? बसभाड्याला होते ना? चहाला होते ना? हिशोबाचे पक्के म्हणवता आणि अकरा रुपयांसाठी घरादाराला फोन लावून घेता?"

मामाजी बोटानं काउंटरची काच पुसत होते. मग म्हणाले, "खातं कोरं नसते करायचं, बहू."

"काऊन नसते करायचं?"

"केशोरावच्या वहीत पाहा कधी. आपले दहा-अकरा रुपये नेहमी बाकी आहेत. सगळ्यायचेच आहेत. माणूस जिता आहे तवपर्यंत थोडं ठेवते. कोरं करते ते माणूस गेल्यावर, तेरवीच्या दिवशी. पोरगा जाते, बापाचं पुरं देते आणि नावावर रेघ मारून येते. माझ्या बाबूजीचं मीच केलो. केशोरावच्या बापानं लाल पेन माझ्या हातात दिला होता."

रुचीनं स्क्रीन परत आपल्याकडं वळवली.

"ते कार्ड तिच्या नावावर आहे," मामाजी म्हणाले. "मी कसा कोरं करू?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय बोलायचं. मी घरून भांडण बांधून आणलं होतं, त्याची गाठ तिथंच सुटली. रुचीनं हळूच सांगितलं की आज सगळे भरले तर कार्ड बंद होईल, नाही तर परत वाढेल. मामाजींनी खिशातून नोटा काढल्या. थुंकी लावून मोजल्या, काचेवर ठेवल्या.

"तीन हजार आठशे छत्तीस," ते म्हणाले.

रुचीनं माझ्याकडं पाहिलं. अकरा कमी. मी पर्स उघडली तर त्यांनी माझं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षातही नव्हतं. "योगेश्वरी, नको," एवढंच म्हणाले. सोळा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

अकरा ठेवून भरले तर परत तेच चक्र, म्हणून आम्ही पैसे न भरता परत आलो. धागाही आणला नाही.

आत्याबाईंपासून काही लपत नाही. रिकामे हात पाहून त्यांनी दोघांना ओसरीत बसवलं आणि विचारलं. मामाजी उठून बैलांना पाणी दाखवायला गेले, म्हणून मीच सगळं सांगितलं. सांगताना मला वाटलं, बाईंच्या छातीवर परिणाम होईल. आत्याबाईंनी पुरं ऐकून घेतलं.

"म्हणजे फ्रिजच्या वर चार हजार गेले?"

"जवळपास."

"आणि हा माणूस चार महिने मी मरू नाही म्हणून पैसे ठेवून राहिला?"

"हाव, आत्याबाई."

त्या काही वेळ अंगणातल्या मामाजींच्या पाठीकडं पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "सकाळच्या बसनं जाऊ. तेले सांगू नको. नाही तर रातभर झोपणार नाही, आन् मलेही झोपू देणार नाही."

सकाळी बाई लग्नातलं लुगडं नेसून तयार. देवाच्या फोटोमागून कार्ड काढलं, कमरेच्या बटव्यात घातलं. मामाजी दारात आडवे आले. डॉक्टरनं प्रवास नको सांगितलं, ऊन आहे, मी जाऊन येतो. आत्याबाई त्यांच्या बाजूनं निघून गेल्या. मामाजी चप्पल शोधत मागं धावले.

दुकानात मामाजी वर आलेच नाहीत. खाली कपड्यांत उभे राहिले, पायऱ्यांकडं पाठ करून. आत्याबाई एकेक पायरी थांबत चढल्या, काउंटरवर कार्ड ठेवलं आणि रुचीला म्हणाल्या, "पुरे किती, सांग बेटी. एक रुपयाही ठेवू नको."

कालपासून रक्कम थोडी वाढली होती. आत्याबाईंनी नोटा मोजल्या, मग चिल्लर. रुचीनं मशीनवर बटणं दाबली, आत्याबाईंचा अंगठा घेतला, कैचीनं कार्ड कापलं आणि कागद दिला. त्यावर बाकीच्या रकान्यात शून्य होतं. आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण शून्य समजते.

कागद घेऊन त्या पायऱ्यांच्या तोंडाशी आल्या आणि वरूनच, माझ्या नवऱ्याचं नाव लावून, मामाजींना हाक मारली. सारं दुकान वर पाहायला लागलं. "भुवनेश्वरचे बाबूजी, इकडं पाहा."

मामाजी वळले.

"कोरं झालं खातं. माझ्या हातानं केलो, पुरे पैसे मोजून. तेरवी झालेली बाई पैसे मोजते का?"

कोणीतरी हसलं. मामाजी हसले नाहीत. ते पायऱ्या चढून वर आले, कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. कूलर पाहायला आलेल्या दोन बाया बाजूला सरकल्या.

"चला आता," आत्याबाई म्हणाल्या. "उभं राहून माझे पाय दुखून राहिले."

परतीच्या बसमध्ये ती दोघं माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. मामाजींनी आत्याबाईंचा हात धरला होता. हात म्हणजे मनगट, जिथं नाडी लागते तिथं, अंगठा दाबून. कंडक्टर आला तरी त्यांनी तो सोडला नाही. लोकं पाहत होती, आणि आमच्याकडं म्हातारी माणसं असं चारचौघांत करत नाहीत. मला वाटलं आत्याबाई आता झिडकारतील. त्यांनी पदर ओढून दोघांच्या हातांवर घेतला आणि डोळे मिटले. तिकिटं मीच काढली.