फोटोत न दिसलेली सावली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शिडी आहे. जुनी म्हणा, हरकत नाही. मोडकी म्हणाल तर ऐकून घेणार नाही.

खिडक्यांच्या गजांतून उरलेलं लोखंड जोडून वेल्डरने मला उभं केलं. अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर उभं राहून त्याने तीनदा उडी मारली आणि मगच मला मालकिणीच्या ताब्यात दिलं. मालकीण म्हणजे या घरातली आई. ती शिवणकाम करते. हे घर तिने मशीनवर बसून बांधलं आणि कागदोपत्रीही ते तिच्याच नावावर आहे.

या घराच्या गच्चीला जिना नाही. वर जायचा रस्ता म्हणजे मीच. टाकी धुवायला, भेगा बुजवायला, रंगवलेलं कापड वाळत घालायला आई दिवसातून चार खेपा करायची. माझा पाय कधी सरकला नाही.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी चढ-उतार करायला परवानगी दिली. मुलाने दिली नाही. आता वर जायचं नाव काढू नकोस, असं सांगून त्याने मला मागच्या भिंतीशी आडवं टाकलं. टाकी धुवायला येणारा माणूस आपली शिडी घेऊन यायचा. पुढची सहा वर्षं माझ्या अंगावर फुटक्या बादल्या आणि ओली पायपुसणी पडत राहिली. मी गंजले. पण गंज कातडीवर होता, हाडांत नव्हता.

गेल्या महिन्यात घरी सोलरवाला आला. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, दिसतही होतं. त्याने टेबलावर टॅब ठेवून आकाशातून काढलेला गच्चीचा फोटो दाखवला. त्यावर पॅनेलचे बारा निळे चौकोन आधीच आखलेले होते. मुलगा खूश, सून खूश. पंखे, फ्रिज, मशीन सगळं उन्हावर चालेल, असं दोघं एकमेकांना सांगत होते. आईलाही ते हवंच होतं. राहिली होती फक्त तिची सही.

वर जाऊन बघितलंस का, असं तिने विचारलं. सोलरवाला हसला. आजी, आता वर जायची गरजच पडत नाही, म्हणाला. आईने चष्मा पुसला आणि फोटो जवळ ओढला. शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गच्चीवर खोली चढवली होती. फोटोत ती नव्हतीच.

"मी फोटोवरून माप घेत नाही," ती म्हणाली. "अंगावरून घेते."

मुलगा वैतागला. हा माणूस त्यातला जाणकार आहे, तू सही तेवढी कर, आणि वर जाणार कशी, ती शिडी तर कुजली आहे, असं तो म्हणाला. मित्रांनो, लोखंड कुजत नाही.

"घर माझं आहे ना?" आई म्हणाली. "मग त्याच्या डोक्यावर काय ठेवायचं ते मी बघून ठरवणार. नाहीतर सहीला दुसरी आई शोध."

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढायला लावलं, धुतलं आणि हातोडीने एकेक पायरी ठोकून कान लावला. सहावी पायरी बद्द वाजली. सांधा तडकला होता, हे मलाही माहीत नव्हतं. ती लगेच वेल्ड करून घेतली. तपासलं याचा मला राग आला नाही. न तपासता नाकारलं, याचा आला होता.

त्या आठवड्यात एका लख्ख दिवशी आई चार वेळा वर चढली. सकाळी नऊला, बाराला, दोनला आणि चारला. गळ्यात टेप, हातात कापडावर खुणा करायचा खडू. खाली मुलगा मला घट्ट धरून पुटपुटत होता, सून वहीत आकडे लिहीत होती. दोन वाजता शेजारच्या खोलीची सावली गच्चीवर उतरली. चारपर्यंत तिने पाच चौकोनांची जागा गिळली. आईने ती खडूने आखून ठेवली.

मग सोलरवाल्याला बोलावलं. या वेळी तोही माझ्यावरून चढला. खडूच्या रेघांच्या कडेने एक फेरी मारली आणि शेवटी त्याने कबूल केलं, की पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. काहींवर सावली पडली की बाकीचीही मंदावतात.

"सात बसव," आई म्हणाली. "उरलेली पाच तुझ्या फोटोवर बसव."

सून वहीआड हसली. निदान आठ तरी, असं मुलाने म्हणून पाहिलं. आईने कागदावरचे बारा खोडले, सात लिहिले आणि सही केली.

आता पॅनेल बसली आहेत. त्यांच्यावर धूळ साचते, ती दर पंधरा दिवसांनी पुसावी लागते. त्यामुळे मी पुन्हा भिंतीला उभी आहे. मित्रांनो, मला दया नको. वर्षातून एकदा गंज खरवडा, रंग द्या, सांधे ठोकून बघा. पायरी कच्ची निघाली तर खुशाल कापा. पण हिला आता झेपणार नाही, हे माझ्याबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दलही लांबून ठरवू नका.

आज पॅनेल पुसायचा दिवस आहे. वर कोण जाणार यावर खाली वाद चालू आहे. मुलगा म्हणतो मी, सून म्हणते मी. आई माझ्या पहिल्या पायरीपाशी आली आहे. ती चपला काढते आहे.