उलट्या होडीखाली

ऐका तर! आपल्या रणधीरनं घरात होडी बांधायला घेतली, हे साऱ्या गावाला म्हाईत हाय. धरणाचं पाणी शिवाराला टेकलेलं, माणसं अजून गूळ आटवायच्या लोखंडी काईलीत बसून पलीकडं जात्यात, आन ह्यानं मोबाईलवर कुठली तरी परदेशी होडी बघितली. बूड सपाट, कडा उंच. झालं! फळ्या, प्लायवूड, डांबराचा डबा, सगळं बैठकीच्या खोलीतच मांडलं. आत कामून? तर म्हणं उन्हात फळ्या वाकड्या हुत्यात.

त्या दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीला, शिवप्रियाला बघायला ईट गावचे पाव्हणे यायचे होते. अक्का सोलापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिची एकच अट, शिक्षण पुरं करीन, नोकरी करीन, मग लगीन कुठं बी लावा. सकाळीच अण्णांनी, म्हंजी बापानं, रणधीरला दम दिलेला, "पाव्हणे यायच्या आत ते लाकूड भाईर गेलं पाहिजे. न्हायतर बंबात घालीन."

"व्हय व्हय, पोरं बोलावलेत उचलायला," म्हणला, आन पोरं येईस्तवर शेवटचं काम करायला बसला. होडी पालथी घालायची, एक कड विटंवर टेकवायची, सरपटत आत शिरायचं आन वीट आत वढून घ्यायची. आत काळामिट्ट अंधार. जिथं उजेडाचा ठिपका दिसंल तिथं भोक, तिथं खडूची खूण. गडी उताणा पडून ठिपके शोधण्यात असा रमला, की दारात जीप थांबलेली बी कळली न्हाय. दुपारनंतर यायचे पाव्हणे जेवणाच्या आधीच हजर!

आईची धांदल. तिला वाटलं, पोरगं मागल्या दारानं पळालं. तिनं होडीवर सतरंजी टाकली, वर पांढरी चादर. एकदम झ्याक बैठक! रणधीरला सारे ठिपके एकदम इझलेले दिसले. तो कड उचलणार, तवर धपकन वर कुणी तरी बसलं. मग दुसरं. मग तिसरं. फळ्या कुरकुरल्या.

आता वरडावं तर अंगात फाटकी बंडी, चड्डी, आन कोपरापतुर डांबर. असल्या अवतारात पाव्हण्यांच्या बुडाखालनं निघायचं? अक्काचं जमत आलेलं मोडंल! त्यानं दात आवळले. डांबराच्या वासानं डोकं गरगरायलं, पाय सरळ होईना, घाम डोळ्यात चालला.

अण्णा आन आई चहाचं बघायला आत गेले. वर कुजबूज सुरू झाली.

"फोटोत तर पोरगी बरी दिसती," नवऱ्या मुलाचा मामा म्हणला. बब्रुवान त्याचं नाव, आन वजन तर विचारूच नगा. "पर ते नर्सचं काय, दाजी?"

"आता व्हय म्हणायचं," मुलाचा बाप गोरोबा बोलला. "एकदा अक्षता पडल्या की कुठली परीक्षा न् कुठली नोकरी? आमची म्हातारी अंथरुणाला खिळलीय. तिचं हागणंमुतणं काढायला घरातच नर्स मिळाली म्हणायची."

मामा खदखदून हसला. अख्खी होडी हलली.

"बाबा, ती इचारील की," पोरगा म्हणला.

"इचारू दे. तू नुसती मान हलव."

तवर कपबशांचा आवाज आला, अक्का आली, मागोमाग अण्णा बी.

"मला शेवटचं वर्ष पुरं करायचंय," तिनं धीटपणं सांगितलं. "नंतर नोकरी बी करायचीय."

"कर की, पोरी!" गोरोबाचा आवाज नुसता गुळचट. "आमच्यात सुनंला लेकीवानी वागवत्यात."

आन अक्का हसली हो. किती दिसांनी हसली! आत रणधीरनं हातातला खडू मोडला.

"मग शुभ कामाला उशीर कामून?" अण्णा खुशीत. "सुपारी आताच फोडून टाकू. अगं, अडकित्ता आण!"

सुपारी फुटली म्हंजी शब्द गेला. मग अण्णा मेले तरी माघारी फिरणार न्हाईत.

रणधीरनं दोन्ही मुठी फळीवर आदळल्या. "अक्का! सुपारी फोडू देऊ नगं!"

मामा बोंबलतच उडाला. "आयो! बाजंखाली कोण हाय?" कप फुटला. गोरोबा उठला, पोरगा उठला.

"रणध्या! भाईर निघ, तंगडंच मोडतो तुझं!" अण्णा गरजले.

"चोरून ऐकायला पोरगं ठिवलंय व्हय?" गोरोबा तापला. "ही बेइज्जती हाय आमची!"

अण्णांनी कडंला हात घातला. फटीतनं त्यांची बोटं आत दिसली. आता संपलं, असं रणधीरला वाटलं, आन तेवढ्यात होडी परत खाली टेकली. वर कुणी तरी बसलं होतं. हलकंसं.

"अण्णा, हात काढा," अक्का म्हणली.

"ऊठ म्हणतो ना!"

"न्हाय उठत. रणधीर, ऐकायलास का? हे पाव्हणे काय काय बोलले ते सांग. एक शबुद गाळू नगं."

"अक्का, मला आधी भाईर तर येऊ दे..."

"भाईर आलास की हे तुला बोलू देणार न्हाईत. आतनंच सांग."

रणधीरनं डांबराचा वास गिळला आन म्हातारीच्या अंथरुणापासनं सुरुवात केली. भाईर जीप चालू झाली, तरी अक्का जागची हलली न्हाय.